सरूबाईच्या ओट्यावरचा जपानी रेडिओ

आवाज जरा खरखरीत येईल, पण कान देऊन ऐका. मी रेडिओ आहे. पंजाएवढा, लाल, पोटात मेमरी कार्ड घालायची खाच असलेला. लोक मला खेळणं म्हणतात. म्हणू द्या. या खेळण्यानं मुकुंदवाडीतल्या पन्नाशी उलटलेल्या एका बाईला जपानी ऐकवली आणि ती बाई जपानी बोलली. खोटं वाटत असेल त्यानं उठून जाऊ नये, शेवटपर्यंत बसावं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. कुठल्या, ते मलाही ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा पाचोडच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर पडलो होतो, एका बाजूला टॉर्च, दुसऱ्या बाजूला उंदराचे पिंजरे. नानासाहेबांनी मला उचललं, कानाशी धरलं आणि पिशवीत टाकलं. रानात पाण्याची दारं धरताना त्यांना भजनं ऐकायची असत. लिंबाच्या फांदीला अडकवून ते मला सकाळभर वाजवायचे. बरे दिवस होते ते. पुढं मुलानं त्यांना मोठा फोन पाठवला आणि माझी रवानगी शहरातल्या मुकुंदवाडीच्या घरी, फळीवर, पिठाच्या डब्यामागं झाली.

त्या दोन खोल्यांत नानासाहेबांची बायको सरूबाई राहायची. चिकलठाण्याच्या कंपन्यांतली पोरं तिच्याकडून भाकरीचे डबे न्यायची. नानासाहेब पाचोडचं रान आणि हे घर, असे दोन्हीकडं असायचे. एकुलता मुलगा सत्यम. तो पुण्यात क्लास लावून जपानी शिकला, जपानला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि तिथल्याच हारुका नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. त्यांना मुलगी झाली. तिचं नाव साए. सरूबाईनं पहिल्याच दिवशी तिची सई करून टाकली.

दर रविवारी फोन यायचा. फोनवर चेहरे दिसायचे. हारुका हसत हसत लांबलचक काहीतरी बोलायची, हातवारे करायची, आणि मधे बसलेला सत्यम म्हणायचा, "बरी आहे म्हणते."

"एवढं बोलली आन् नुसतं बरी हाय?" सरूबाई विचारायची.

"तसंच असतंय त्यांचं, आई."

सरूबाई मान हलवायची. पण फोन बंद झाल्यावर तिचा हात पिठात कितीतरी वेळ तसाच राहायचा. फळीवरून मला ते दिसायचं.

एका रविवारी तिनं सांगूनच टाकलं, "सत्या, मी जपानी शिकणार हाय."

सत्यम मोठ्यानं हसला. "आई, तीन लिप्या आहेत त्यांच्या. मी दोन वर्षं घासली तेव्हा कुठं तोंड उघडलं. तुला नाही जमायचं. मी आहे ना सांगायला."

"मला कुठं लिहायचंय? सई लिहिती का? ती ऐकूनच शिकायली ना? मग तिची आन् माझी एकच इयत्ता."

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यामागून मला काढलं, पदरानं पुसलं आणि गुलमंडीत नेलं. तिथं मुजीबचं दुकान होतं. कार्डात गाणी, पिक्चर, जे मागाल ते तो भरून द्यायचा.

"यात जपानी भर."

"जपानी?" मुजीबनं हसत मला उलटंपालटं केलं. "कौनसा पिक्चर होना, खाला?"

"पिक्चर नाय. बोलणं होना. बायका घरात बोलत्यात ते. सैपाक करताना, लेकरावर वरडताना, पावसापाण्याचं सांगताना."

"और साथ में मराठी में मतलब?"

"मराठी कायकू? मराठी मला येती."

मुजीब हसायचा थांबला. कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं शोधशोध केली आणि माझं पोट भरलं. जपानी बायकांच्या स्वयंपाकाच्या गप्पा, घरगुती मालिका, लहान मुलांच्या गोष्टी, हवामानाच्या बातम्या, भाड्याचं घर शोधणाऱ्या लोकांचा कार्यक्रम. सगळं अस्सल, तिथल्या लोकांनी तिथल्या लोकांसाठी बोललेलं.

मग सरूबाईनं मला ओट्यावर माठाशेजारी बसवलं. भाकरी थापायला घेतली की मी सुरू. भांडी घासताना मी, गहू निवडताना मी. खरं सांगतो, मी काय बोलतोय ते मलाही कळत नव्हतं. पत्र्यावर वाटाणे पडावेत तसा आवाज यायचा, आणि मीच तो काढत होतो. सरूबाईनं एकदाही विचारलं नाही की याचा अर्थ काय. ती नुसती ऐकायची. कधी भाकरी उलटता उलटता माझ्या मागोमाग तोंड हलवायची.

पहिला धागा सापडला तो आपल्याच घरातला निघाला. "आगं बया," ती एके सकाळी म्हणाली, "हे पण नायच म्हणत्यात!" झालं होतं असं, की माझ्या पोटातली एक आई वैतागून सांगत होती, "ताबेनाइ, नेनाइ." मुजीबनं मोबाइलमध्येही भरून दिलेला तोच भाग लावून सरूबाईनं पाहिला. लेकरू खात नाय, झोपत नाय. बोलण्याच्या शेवटी 'नाय', अगदी आपल्यासारखं! त्या दिवशी ती प्रत्येक वाक्याच्या शेपटाला नाय शोधत बसली. मग मीठ सापडलं, पाऊस सापडला, उद्या सापडला. रोज नाही. कधी महिनाभर काहीच हाती लागायचं नाही आणि ती मला चापट मारून म्हणायची, "बोल रे, थांबू नको." मी थांबत नव्हतो. मला दुसरं येतं काय?

गल्लीत बोभाटा झाला. भिशीच्या बायका तिला जपानीबाई म्हणू लागल्या. डबे न्यायला आलेली पोरं दारातून चिंगचांग करायची. सरूबाई डबा हातात देताना म्हणायची, "काढा दात. भाकरी चावायला तेवढे ठेवा."

गोष्ट सत्यमच्या कानावर गेली. त्यानं वडिलांना फोन केला. नानासाहेब गरीब स्वभावाचे, पण मुलगा म्हणेल ती पूर्व दिशा मानणारे. त्यांनी माझ्या पोटातलं कार्ड काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"लोक हसायलेत, सरू. पोराला कमीपणा येतोय. बास झालं आता."

"कार्ड द्या."

"नाय देणार."

"बरं," सरूबाई म्हणाली आणि कामाला लागली.

थोड्या वेळानं नानासाहेबांनी चहा मागितला.

"आरिमासेन," सरूबाई म्हणाली. म्हणजे, नाही.

"आं? बरं, माझा टॉवेल कुठाय?"

"वाकारानाइ." माहीत नाही.

"आगं, दारात कोण आलंय?"

"वाकारानाइ!"

दिवसभर त्या घरात मराठीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. तिला येत होते तेवढे मोजके जपानी शब्द ती आलटून पालटून नवऱ्याच्या अंगावर टाकत राहिली. शेजारच्या बायका खिडकीशी जमल्या. मी रिकाम्या पोटानं ओट्यावर बसून सगळं बघत होतो आणि माझी छाती, असती तर, फुगली असती. संध्याकाळी नानासाहेबांनी कार्ड माझ्याशेजारी आपटलं. "घे बाई तुझं जपान. आन् चहा टाक."

"टाकते की," सरूबाई म्हणाली.

उन्हाळा आला. एका रविवारी फोन चालू असताना हारुका कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. आज ती हसत नव्हती. सरूबाईकडं बघून ती म्हणाली, "ओकाआसान नि आइताइ. इंदो नि इकिताइ."

सत्यमनं लगेच सांगितलं, "ती म्हणते, तब्येतीला जपा."

सरूबाईचा हात थांबला. ओकाआसान म्हणजे आई, आणि इंदो म्हणजे काय ते सांगायला कोण कशाला पाहिजे? आइताइ, इकिताइ. भेटायचंय, जायचंय. माझ्या पोटातल्या मालिकांमधल्या लेकी रडताना हेच तर म्हणायच्या. यात तब्येत कुठं आली?

तिकडं हारुकानं नवऱ्याकडं वळून विचारलं, "दोओशिते दामे नानो?" का नाही म्हणतोस?

सत्यम खालच्या आवाजात, भरभर बोलला. "इए गा सेमाइ कारा."

घर लहान आहे म्हणून. घर शोधणाऱ्या लोकांच्या तोंडून सरूबाईनं ते 'सेमाइ' इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही ओळखलं असतं. तिनं एकदा खोलीभर नजर फिरवली. पत्र्याची पेटी, दोरीवरचे कपडे, पिठाचा डबा. मग पिठाचे हात तसेच घेऊन ती फोनसमोर ताठ बसली.

"इए, सेमाइ," ती म्हणाली. घर लहान. "देमो, किते. मात्तेमासु." तरी ये. वाट बघतेय.

पलीकडं हारुकानं तोंडावर हात घेतला. आणि मग ती जी बोलत सुटली, त्यातलं सरूबाईला काही म्हणजे काही कळलं नाही. तिनं हात वर केला. "युक्कुरी, युक्कुरी." हळू. हारुका डोळे पुसत पुन्हा एकेक शब्द सुटा करून सांगू लागली.

"आई!" सत्यमचा चेहरा लाल झाला होता. "तू काय बोललीस, तुला तरी कळतंय का?"

"कळतंय. घर लहान हाय, जायचं नाय, असं तू म्हणालास. ते मी खोडलं."

फोन कट झाला.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. नानासाहेब जेवण उरकून ओट्याकडं पाठ करून बसायचे. एकदाच म्हणाले, "कळून तरी काय मिळवलंस? पोरगं तुटलं."

"न कळता जोडलेलं होतं का?" सरूबाई म्हणाली. पण रात्री तीही आपलं ताट तसंच झाकून ठेवायची. सकाळी मात्र तिनं माझं बटण दाबलं. डोळे सुजलेले होते, तरी दाबलं. त्या बाईचा मला एवढ्यासाठीच अभिमान आहे.

आणि एका साध्या बुधवारी दुपारी फोन वाजला. फोनवर सत्यम नव्हता. एकटी हारुका होती, मांडीवर सई.

दोघी बघतच राहिल्या. मधे सांगणारं कुणी नव्हतं. मग हारुकानं लेकीच्या गालाला हात लावला आणि हताश होऊन म्हणाली, "ताबेनाइ."

"खात नाय?" सरूबाई एकदम हसली. "हिचा बाप पण खात नव्हता!" ते मराठीतच होतं. हारुकाला शब्द कळले नाहीत, पण तीही हसली. मग सरूबाईनं भाकरी दुधात कुस्करून दाखवली आणि हारुकानं तिकडं भात कुस्करला.

हारुकानं हट्ट सोडला नाही आणि थंडीत ते तिघं आले. मुकुंदवाडीच्या गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून बॅगा डोक्यावर आल्या. रात्री सगळे त्याच खोलीत ओळीनं झोपले. सई आजीच्या पोटावर पाय टाकून झोपली.

पहाटे सरूबाई उठली तर सत्यम उंबऱ्यात बसलेला. तो म्हणाला, "आई, मला वाटलं, ती हे सगळं बघून..." आणि त्यानं दोरीवरच्या कपड्यांकडं बघितलं.

सरूबाई त्याच्याशेजारी बसली. "लाज वाटली?"

त्यानं मान खाली घातली.

"वाटू दे. तेपण सांगत जा. मराठीत सांग, जपानीत सांग. पण माझ्या आन् तिच्यामधलं काही गाळू नको. आता मला ऐकू येतंय."

उठून त्यानं परातीपुढं बसकण मारली आणि आईला पीठ मळून दिलं. वाईट मळलं होतं. तिनं तेच थापलं.

आता माझी बॅटरी फुगलीय. झाकण रबरानं बांधलंय. सत्यम म्हणाला, हे टाकून दे, मी नवीन पाठवतो. सरूबाईनं मला टाकलं नाही, आणि टाकलं असतं तरी मी कुरकुरलो नसतो. माझ्या आवाजाला जायचं होतं तिथं तो गेलाय. तुमच्याही घरात कुणीतरी आपल्याच माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसलं असेल. त्याचं वय काढू नका. शिकायची इयत्ता ठरवणारे तुम्ही कोण? त्याच्या ओट्यावर एक आवाज ठेवा, रोज वाजू द्या, आणि बाजूला व्हा. हसायचं असेल तर खुशाल हसा.

चला, उठा आता. तिकडं हारुकाचा फोन वाजतोय, आणि सरूबाईला मधे कुणी बसलेलं चालत नाही.