शेवाळाचा बोळा

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या कालव्यात बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा पाणदरवाजा जवळ आला आणि बोटीचं इंजिन तापून बंद पडलं. ते निवल्यावर फिर्मांनं पाना उचलला, पण संधिवातानं आखडलेल्या बोटांना तो पेलेना.

"सरका बरं," बायको मातिल्द म्हणाली. इतक्या वर्षांत त्यानं तिला इंजिनाला हातही लावू दिला नव्हता.

"अगं, आधी कालव्याचं पाणी आत घेणारा कॉक बंद कर, नाहीतर बोट बुडवशील!"

"बुडवलं तर तुम्हाला घेऊनच बुडेन."

तिनं कॉक बंद करून पाण्याची गाळणी उघडली. आत शेवाळाचा गच्च बोळा होता; इंजिन गार ठेवणारं पाणी त्यानंच अडवलं होतं. तो उपसून तिनं सगळं जागच्या जागी बसवलं आणि कॉक उघडला. किल्ली फिरवताच इंजिन धडधडू लागलं.

फिर्मां फडकं घेऊन तिचं तेलानं काळं झालेलं एकेक बोट पुसू लागला. पाणदरवाजा उघडल्याची रखवालदाराची हाक आली, तरी त्याचं पुसणं चालूच होतं.