हरिबाकाकांचं पाणी

"पुन्हा चढलाय व्होल्टेज," जयराज सर म्हणाले. "रेश्मा, पाणी कुणी भरलं?"

"मीच सर. नव्या कॅनमधलं. डिस्टिल्डच आहे."

समोर काचेच्या भांड्यात, पोटॅशच्या द्रावणात, तळव्याएवढी निकेलची जाळी उभी होती. तिच्यावर सरांनी चढवलेला निकेल-लोखंडाचा काळा लेप. हा उत्प्रेरक असला की थोड्या विजेत पाणी फुटतं, हायड्रोजन निघतो. असे लेप पुष्कळ जण करतात. ते टिकत नाहीत, एवढंच. आमचा वर्षभर टिकला होता. मलकापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेची सगळी भिस्त त्याच्यावर. उद्या पुण्याची कंपनी बघायला येणार होती. लेप गेला तर प्रकल्प गेला, आणि माझी नोकरीही.

लेप उतरायला आणि तेवढ्याच पाण्याला जास्त व्होल्टेज लागायला लागलं ते हरिबाकाका गेल्यापासून. काका आमचे शिपाई, कवठे महांकाळकडचे. भांड्यात पाणी भरायचं काम त्यांचं. एका सकाळी झोपेतून उठलेच नाहीत. तेव्हापासून त्या बुडबुड्यांत मला त्यांचं खाकरणं ऐकू यायचं. अगदी मागं उभं राहून खाकरावं तसं. मी वळून बघायचे नाही. तान्ह्या लेकीसाठी घरी फोन लावायचे.

"आत्या, शिवांजलीचा श्वास नीट चाललाय ना?"

"आगं बया, निजलीया ती! सारखं नाकाला बोट लावून उठवू व्हय पोरीला?" सासूबाई फोन आपटायच्या.

दुपारी काकांची बायको बनाबाई त्यांचं सामान न्यायला आली. स्वेटर, चपला, डबा. कोपऱ्यातला काकांचा जुना कॅन तिनं उचलला तर आत काहीतरी खळखळलं.

"आवं, ह्यो हितंच हाय व्हय!" तिनं कॅन उपडा केला. तांबूस पाण्याबरोबर एक गंजका खिळा तिच्या हातावर पडला. "घोड्याच्या नालंचा हाय. त्यांनीच घातलावता. म्हनायचं, सायब लोक येत्यात, त्या जाळीकडं टकामका बघत्यात. दिष्ट लागंल. तुमच्या लेकराच्या उशाला इळा न्हाई ठिवत?"

ठेवतो. सासूबाईंनी विळा ठेवलाय, आणि विज्ञान शिकलेल्या मी तो काढलेला नाही.

पण माझं लक्ष फरशीवरच्या तांबूस ओघळाकडं होतं. लोखंड. लेपातून ते कणाकणानं सुटत होतं, आणि खिळ्याचं लोखंड पाण्यातून येऊन त्याची जागा भरत होतं. लेप टिकाऊ नव्हताच. काका त्याला भरवत होते, आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

"टाकू का ह्यो नव्या कॅनात?" बनाबाईनं विचारलं. "तुमाला लागत आसंल तर."

टाकला असता तर व्होल्टेज हळूहळू उतरला असता. कंपनी येऊन खूश होऊन गेली असती. मी खिळ्याकडं बघत राहिले. मग सरांना हाक मारली आणि सगळं सांगितलं.

सर खुर्चीत बसले. "म्हणजे वर्षभर आपण खिळ्याची परीक्षा घेतली."

"हो सर."

"उद्या त्यांना हेच सांगावं लागेल. तुझी नोकरी, रेश्मा..."

"माहीत आहे सर."

त्यांनी स्वतः उठून बटण बंद केलं. बुडबुडे विरळ झाले, थांबले. खोलीत पंख्याला आवाज आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. मागं कुणी खाकरलं नाही.

हातमोजे घालून मी जाळी बाहेर काढली, धुतली, पुन्हा धुतली. लेप जागोजाग उडाला होता, खालचं निकेल उघडं पडलं होतं.

"मला जरा दावता?" बनाबाई म्हणाली. "ह्येच्यापायी दिवाळीलाबी घरला येत न्हवतं मानूस. म्हनायचं, मी गेलो तर तिला पानी कोन देनार?"

मी जाळी पुढं केली. तिनं हात लुगड्याला पुसले. मग डोक्यावरून पदर घेतला, सारखा केला, आणि दोन्ही हात पुढं केले.