प्रश्न काढून घेतलेली चौकट

मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, पडद्यावरची. मित्रांनो, आकडेमोडीच्या एका मोठ्या सॉफ्टवेअरला मागाहून जोडलेल्या एका छोट्या प्लगिनमध्ये मी राहते. माझ्या डाव्या हाताला माहितीचे सगळे रकाने, उजव्या हाताला रिकामी जागा, मधे एक बाण. हवा तो रकाना निवडायचा, बाण दाबायचा, की तो उजवीकडे जातो आणि हिशेबात धरला जातो. एवढंच माझं आयुष्य.

मला एका प्रोग्रामर बाईंनी घडवलं. म्हणजे ती माझी आई. तिने मला एक प्रश्न शिकवला होता. आकड्यांचा रकाना आला की मी विचारायचे, "हे मोजमाप आहे, की नुसती ओळख?" वय हे मोजमाप. घराचा नंबर ही ओळख. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग लोक कंटाळले.

"सारखं काय विचारते ही?" आईचे साहेब म्हणाले. "काढून टाका तो प्रश्न."

"साहेब, उद्या कोणी घरांच्या नंबरांची सरासरी काढेल."

"काढू दे की! सरासरी काढायलाच तर घेतलंय त्यांनी."

आईने प्रश्न काढला. मी मुकी झाले आणि लगेच लोकप्रिय झाले.

माझ्या प्रती गावभर गेल्या. एक बस कार्यालयात गेली. प्रवासी कुठे घटतात हे तिथल्या अधिकाऱ्यांना शोधायचं होतं. त्यांनी बसचा नंबर निवडला, बाण दाबला. मी निमूटपणे तो घेतला. गावाबाहेरच्या नव्या बसगाड्यांना मोठे नंबर होते आणि तिकडे वस्ती विरळ. उत्तर आलं: नंबर वाढतो तसे प्रवासी घटतात.

"म्हणजे दोष मोठ्या नंबरात आहे," अधिकारी म्हणाले.

"मग नंबर बदलू या का, साहेब?" कारकुनाने विचारलं.

"पाट्या कोण रंगवत बसणार? बसच बंद करा."

आठवडाभराने आईला तिच्या आईचा फोन आला. ही माझी आजी. गावाच्या टोकाला एकटी राहते, डायलिसिसला बसने जाते.

"अगं, आपली बस बंद झाली. मोठ्या नंबरांच्या सगळ्याच गेल्या म्हणे."

"नंबर मोठा म्हणून? कोण म्हणालं?"

"कंडक्टर. संगणकात तसंच आलंय म्हणे. तुझ्याच लाइनीतलं काहीतरी असेल, बघ की जरा."

फोन ठेवून आई माझ्याकडे बघत राहिली. "तू विचारायचं नाहीस का गं?" असं काहीतरी पुटपुटली. मी काय सांगणार? माझं तोंड तिनेच शिवलं होतं.

तिने त्याच दिवशी, साहेबांना न विचारता, माझा प्रश्न परत बसवला. नवी आवृत्ती सगळीकडे पाठवली. बस कार्यालयाच्या पडद्यावर सूचना झळकली: आत्ता बसवायची की नंतर?

अधिकाऱ्यांनी 'नंतर' निवडलं. रोज सकाळी ते तेच निवडतात. निवडीत माणूस पक्का.

मित्रांनो, कोणी एखादा साधा प्रश्न विचारला, तर वैतागू नका. थांबून उत्तर द्या. मी अजून त्या कार्यालयात मुकीच आहे. डायलिसिसच्या दिवशी आजी दुसऱ्या रस्त्यावरच्या स्टॉपपर्यंत चालत निघते. आईने ठरवलेली रिक्षा ती परत पाठवते, रोज रोज कशाला म्हणते. बऱ्याचदा अर्ध्या वाटेत दम लागतो, आणि तिथूनच ती घरी परतते.