सरांसमवेत तपासले

"अहो मॅडम, लेखी काही देऊ नका. कागद वर जात नाही, खाली पडतो. त्या डॉक्टर पोरीच्याच डोक्यात पडायचा," दुर्गाबाई मला म्हणाल्या होत्या. त्या लहान मुलांच्या वॉर्डात आया. मी एम.कॉम. झालेली; अर्ज कसा करावा हे आता आयाबाईंकडून शिकायचं? "बघते," म्हणाले.

पाच महिन्यांची माझी पूर्वा न्यूमोनियानं ऑक्सिजनवर होती. माझ्या नवऱ्याची, अभिनवची, खराडीतली नोकरी गेली, तिच्यासोबत विमाही गेला, म्हणून सरकारी रुग्णालय. तिथं डॉक्टर म्हणजे एकटी प्रियदर्शनी. बालरोगाच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, कॉलेजनं नियमाप्रमाणे तीन महिने या जिल्हा रुग्णालयात पाठवलेली. शिकायला. शिकवणारे सर फोनवर असत. कधीकधी तेही नसत.

मी सगळं मोबाईलमध्ये टिपत होते. श्वास मिनिटाला किती, सलाईन कधी बदललं, कोण आलं, कोण नाही. वेळेसकट.

मंगळवारी सकाळी दहाला पूर्वाच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. प्रियदर्शनीनं सरांना पाच फोन केले.

"सर येऊन राहिले," ती म्हणाली. भंडाऱ्याची ती.

"येऊन नक्की कुठे राहिले?" मी टोचलं.

ती हसली नाही. पूर्वाला श्वासाच्या मशीनवर घेतलं आणि उशाशी उभी राहिली. मध्येच शेजारच्या खाटेवरचं बाळ गेलं. त्याच्या आईला तिनंच सांगितलं, परत आली आणि पूर्वाचे श्वास मोजायला लागली. तिचे ओठ हलत होते. तीसच्या आसपास चुकायची, पुन्हा एकपासून सुरू करायची.

सर आले नाहीत. पूर्वा वाचली.

घरी आल्यावर मी तीन पानी तक्रार केली, सरांविरुद्ध. टिपलेल्या वेळा जोडल्या. प्रियदर्शनीच्या कौतुकाचा तर अख्खा परिच्छेद होता.

चौकशीला आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर पूर्वाचे कागद होते. दर दोन तासांच्या नोंदीखाली प्रियदर्शनीच्या अक्षरात लिहिलेलं: 'सरांसमवेत तपासले.' तशी रीतच असते, हे मला नंतर कळलं. सर नसले तरी लिहायचं. नाहीतर तीन महिने संपल्यावर सर सही देत नाहीत, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

"या म्हणतात सर नव्हते, तुम्ही लिहिता होते," चौकशी करणारे साहेब तिला म्हणाले. "म्हणजे खोटी नोंद तुमची."

"अहो, सर नव्हते हीच तर माझी तक्रार आहे!"

"ती वेगळी बाब. आपण बसा."

प्रियदर्शनीनं माझ्याकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं.

सरांना समज मिळाली. तिचे तीन महिने रद्द. पुन्हा करायचे, त्याच सरांच्या हाताखाली. आणि माझ्या वेळा वाचून चौकशीवाल्यांनी त्या गेलेल्या बाळाचेही कागद काढले. त्यावरही तेच शब्द होते. ती चौकशी आता तिच्यावर चालू आहे. मी तक्रार मागे घ्यायला गेले, तर म्हणाले, "तक्रार मागे घेता येते बाई, नोंद कशी घेणार?"

गुरुवारी तिचा मेसेज आला: 'पूर्वा नीट पिते का?' मी हो लिहिलं, माफी मागितली. तो मेसेज तिला पोचलेलाच नाही. फोन बंद. दुर्गाबाई म्हणतात, ड्युटीवरही नाही.

काल खडकीला तिच्या खोलीवर गेले. आत पंखा चालू होता. घरमालकीण म्हणाली, "पूर्वाची आई तुम्हीच ना? तुम्हाला भेटायचं नाही म्हणून सांगितलंय तिनं. दोन दिवसांत डबासुद्धा आत घेतला नाही." मी दाराबाहेरून हाका मारल्या. आतून नळ बंद केल्याचा आवाज आला, बस्स.

म्हणून तुम्हाला सांगते. स्टेशनमागच्या गल्लीत पिवळी तीन मजली इमारत आहे, वरची डावीकडची खोली. त्या बाजूला राहत असाल तर आजच जा. माझं नाव काढू नका. दार वाजवा, आणि ती स्वतः उघडेपर्यंत तिथून हलू नका.