पाइपाचे अडतीस तुकडे

दुपारी बाराला मी आईबाबांच्या घरी पोचले आणि सवयीने पायऱ्या मोजल्या. आठ. माझ्या जन्माआधी दोनच होत्या. घर खोल खांबांवर उभं आहे, ते जागचं हलत नाही. जमीनच खाली जाते, आणि दर काही वर्षांनी बाबा खाली एक पायरी जोडतात. "घर वाढीला लागलंय," असं ते पाहुण्यांना सांगतात. सगळे हसतात. मला हसू येत नाही, कारण माती तपासणं हेच माझं काम आहे.

आमच्याकडची काळी माती म्हणजे न कुजलेली लव्हाळी आणि शेवाळ. हजारो वर्षं पाण्याखाली दबून राहिलं, हवा लागली नाही, म्हणून त्यातला कार्बन जमिनीतच राहिला. मग शेतीसाठी पंप आला. पाणी उपसलं, मातीत हवा शिरली, आणि माती हळूहळू, धुराशिवाय, जळायला लागली. जळाली ती हवेत गेली. तो पंप बाबा चालवतात. अडतीस वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही.

चार वाजता गावची सभा होती. आणखी मोठा पंप बसवायचा, की पंप बंद करून पाणी परत येऊ द्यायचं, एवढं ठरायचं होतं. मोठा आला तर उरलीसुरली मातीही जाणार. आणि त्याचं बटण दाबायचा मान बाबांना, हे आधीच ठरलेलं. प्रयोगशाळेचे आकडे माझ्या पिशवीत होते, पण आकड्यांना कोण विचारतं? मागच्या सभेत दूधवाला म्हणाला होता, "ताई, जमीन काय पळून जाते? होती तिथंच आहे." मी घसा फोडून सांगितलं, लोकांनी घड्याळं बघितली.

परवा एका जुन्या फायलीत मला पुरावा सापडला. पंप सुरू झाला त्या दिवशी एका इंजिनिअरने आमच्या कुंपणाशी लोखंडी पाइप ठोकला होता. खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत, तोंड जमिनीच्या बरोबरीत. जमीन खचेल तेवढा तो वर दिसणार. मी तो कधी पाहिला नव्हता, पण कुंपणालगतच्या उंच गवतात आता तो माझ्या छातीपर्यंत तरी आला असेल, या आशेवर मी रात्रंदिवस तळमळत होते.

गवत बाजूला केलं. पाइप जमिनीच्या बरोबरीत होता. एक बोटसुद्धा वर नाही.

म्हणजे मी चुकले की काय? दहा वर्षं लोकांना उगाच घाबरवत होते? मी कुंपणाशी येरझारा घालायला लागले. तिकडे पंपाची घरघर चालूच.

"काय शोधतेस?" बाबा पंपघरातून हात पुसत आले.

"हा पाइप वर का आला नाही?"

"आला की. दरवर्षी यायचा मेला. गवत कापायच्या यंत्राचं पातं अडकायचं त्यात. इंजिनिअर साहेब जाताना म्हणाले होते, पाइपाकडे लक्ष ठेवा. ठेवलं. दर वर्षी कापून सारखा करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, अहो, तो मोजायला ठोकला होता! तुम्ही सगळी मापं कापून टाकलीत. आता मी चार वाजता काय दाखवू, माझं कपाळ?"

बाबा आठ पायऱ्या चढून आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. "टाकीन कशाला? लोखंड आहे ते." डब्यात पाइपाचे तुकडे होते. कुठला एक बोट, कुठला तीन. प्रत्येकावर खिळ्याने वर्ष कोरलेलं. अडतीस.

आईच्या जळमटं काढायच्या झाडूचा लांब दांडा काढून मी पाइपाच्या तोंडात रोवला. तुकडे ओवायला बाबाच पुढे झाले. मागच्या वर्षीचा सगळ्यात खाली, मग त्याच्या आधीचा. पहिले दहा-बारा त्यांनी भराभर ओवले, मग हात मंदावला. पाइप त्यांच्या गुडघ्याच्या वर गेला, कमरेच्या वर गेला. एका तुकड्याशी ते थांबले.

"हे तुझं साल. तू चालायला लागलीस तेव्हा जमीन इथं होती." त्यांनी स्वतःच्या पोटाशी हात धरला.

उरलेले तुकडे त्यांनी एकेक करून ओवले. पहिल्या वर्षाचा त्यांच्या खांद्याशी आला.

"एवढी कुठं गेली गं?"

"हवेत."

"मी घालवली?"

मला इतके दिवस नेमकं हेच त्यांना ऐकवायचं होतं. तरी "पंपाने," मी म्हणाले.

"पंप काय आपणहून चालतो?"

ते पंपघरात गेले. लाल बटण दाबल्याचा खटका मला कुंपणापर्यंत ऐकू आला. जन्मल्यापासून जी घरघर कानात होती ती थांबली. आई दारात आली. "वीज गेली का?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी बंद केला." मग माझ्याकडे वळले. "सभेला जाऊन सांग, इथं या म्हणावं. हा पाइप काही उचलून नेता येत नाही."

मी फाटकातून मागे वळून पाहिलं. दांडा डुगडुगत होता. बाबांनी वरचा तुकडा हाताने घट्ट धरला होता, आणि लोक आले तेव्हाही ते तसेच उभे होते.