हंबरायची मुभा

वटार गावातल्या आमच्या गोठ्यात वासरू गेलं, तेव्हा गाय तीन दिवस हंबरत होती. शेजारी वैतागले, पण माझ्या सासूबाई भागूबाई, त्यांनी कोणाला ब्र काढू दिला नाही. 'हंबरू दे तिला, कोनी आडवू नका. मोकळी नाय झाली तर झुरंल,' असं ठणकावून सांगितलं. गाईला गूळ भरवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच्या दीड महिना आधी माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. हॉस्पिटलातून आले त्या संध्याकाळी मी रडायला लागले, तर ह्याच सासूबाई म्हणाल्या, 'गप रा. त्याचं नाव नाय काढायचं, पुढच्या खेपेला आडवं येतं.' मी डोळे पुसले.

माझा नवरा हरेश शाळेत मास्तर. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना भाषणं लिहून देतो. गाय हंबरत होती त्याच दिवसांत त्याने ओटीवर बसून लिहिलं, की भाषा आहे म्हणून माणूस जनावराहून श्रेष्ठ. मला वाचून दाखवलं आणि कसं झालंय म्हणून विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा वर्गभर पोरांना बोलायला शिकवतो आणि बायकोशी बाळाबद्दल एक अक्षर नाही! मुलगी झाली तर यमुना, हे नाव त्यानेच माझ्या पोटावर हात ठेवून ठरवलं होतं. मुलगीच झाली. मग ते नाव त्याने गिळून टाकलं. मी म्हटलं, छान झालंय. खोटं बोलायला मात्र भाषाच लागते.

चौथ्या दिवशी गाईने वैरणीला तोंड लावलं. त्याच दुपारी आरोग्य केंद्राच्या ज्युली सिस्टर घरोघरची नोंद करत आमच्याकडे आल्या. मुलं किती, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर सासूबाईंनी दिलं.

'अजून काय नाय.'

काय नाय?

'एक मुलगी झाली,' मी म्हटलं. 'मेलेली जन्मली. नाव तिच्या बापाला विचारा.'

सिस्टरने पेन थांबवून ओटीवर बसलेल्या हरेशकडे पाहिलं. भाषणाचे कागद त्याच्या मांडीवर होते. त्याने तोंड उघडलं, तर आधी नुसता आवाज निघाला, गोठ्यातून यायचा तसा. मग तो म्हणाला, 'यमुना.' आणि ढसाढसा रडायला लागला.

त्याला कोणी 'गप रा' म्हटलं नाही. सासूबाई लगबगीने उठल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

माझ्या पाठीवर अजून कोणाचाच हात आला नव्हता.