चाळीस वाक्यांची वही

कामावर तिला सगळे डिक्शनरी म्हणत. अगदी तोंडावर. तिला राग येत नाही हे कळल्यापासून तर जास्तच.

हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत पाठवायचे, हा तिथला धंदा. चार वर्षांपूर्वी ती घड्या घालायला म्हणून लागली, तेव्हा इंग्रजीत स्वतःच्या नावापलीकडे तिला फारसं काही लिहिता येत नव्हतं. मग एक वही केली. आधी साबणाच्या पिंपांवरचे शब्द उतरवले, मग भिंतीवरच्या सूचना. शेवटी तिनं जुनी रजिस्टरं काढली आणि सकाळपाळीच्या इन्चार्ज बाईंच्या वळणदार अक्षरातली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली. चाळीस वाक्यं. घोटून घोटून पाठ केलेली. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे.

त्या इन्चार्ज बाई नोकरी सोडून गेल्या तेव्हा मॅनेजर मॅडमनी हिला बोलावलं. "महिनाभर तू बघ. काम तुला येतं, त्याची मला काळजी नाही. पण रजिस्टर वरच्या ऑफिसात जातं आणि तिथं इंग्रजीच चालतं. ते जमलं तर जागा तुझी."

इन्चार्जची पाळी बदलत नाही, हे तिच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं होतं. लेक चार वर्षांची. दर पंधरवड्याला हिची दुपारपाळी आली की ही घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची, आणि सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न यायचा, "काल तू आली होतीस का?"

नणंद कॉलेजात शिकत होती. ती वही चाळून म्हणाली, "वहिनी, अशी भाषा येत नसते. स्वतःचं लिही. चुकलं तर चुकलं."

"तू चुकलीस तर तुझे दोन मार्क जातात. मी चुकले तर वरचं ऑफिस हसतं."

"हसू दे की."

"तुझं काय जातंय म्हणायला. भाजी निवड."

तीन आठवडे चाळीस वाक्यांवर छान निभावलं. पोळ्या लाटता लाटता ती वाक्यं म्हणे आणि ओट्याखाली बसलेली लेक तीच वाक्यं बाहुलीला ऐकवी. बाहुलीचे हातपाय हलवून बघायचे आणि गंभीरपणे सांगायचं, "ऑल मशीन्स चेक्ड, फाउंड इन ऑर्डर."

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. इस्त्रीचा रोलर म्हणजे पलंगाएवढा रुंद, तापलेला लोखंडी दंडगोल. दोघीजणी समोर उभ्या राहून ओलसर चादर त्यात सरकवतात. बोटं जिथं येतात तिथं पुढं एक लाल दांडी असते. तिला धक्का लागला की रोलर जागच्या जागी थांबायला हवा. रोज काम सुरू करण्याआधी ती दाबून बघायची असते. तिनं दाबली. रोलर वीतभर पुढं गेला आणि मग थांबला. पुन्हा दाबली, तर लगेच थांबला. तिसऱ्यांदा पुन्हा वीतभर.

मेकॅनिक बॉयलरपाशी अडकला होता. "उद्या बघतो," म्हणाला. ती सकाळभर स्वतः रोलरपाशी उभी राहिली, कुणाला हात पुढं घालू दिला नाही.

पावणेदोनला तिनं रजिस्टर उघडलं. झालेलं लिहायचं तर चाळिसांत तसं एकही वाक्य नव्हतं. दांडी म्हणजे रॉड की बार? लगेच थांबत नाही, पण कधीकधी थांबतो, हे कसं जुळवायचं? एका पाठकोऱ्या कागदावर दोनदा लिहून बघितलं. दोन्ही वेळा वाचून तिलाच लाज वाटली. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, आणि महिना भरायला सहा दिवस उरले होते. दुपारपाळीच्या इन्चार्ज मावशींना तोंडानंच सांगू, असं तिनं ठरवलं आणि खाली सुबक अक्षरात लिहून टाकलं, ऑल मशीन्स चेक्ड अँड फाउंड इन ऑर्डर.

मावशींना त्या दिवशी यायला उशीर झाला. बस दोन-पाचची, पाळणाघर अडीचला बंद. ती फाटकापर्यंत दोनदा जाऊन बघून आली आणि मग निघाली. मावशी जुन्या जाणत्या, दांडी दाबून बघतीलच, अशी मनाची समजूत घातली. बसमध्ये बसल्यावर तिच्या डोळ्यांसमोर रजिस्टरातली ती सरळ ओळ आली आणि, खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. उशीर झाला म्हणून मावशींनी दांडी न तपासताच काम सुरू केलं. संध्याकाळी चादरीचं टोक अडकलं, ते सोडवायला त्यांनी दांडी दाबून हात घातला आणि रोलर वीतभर पुढं आला. दोन बोटांची टोकं भाजली होती.

मॅडमच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं. "दोन वाजेपर्यंत दांडी ठीक होती. म्हणजे दुपारपाळीनं कपड्यांची गाडी आपटून बिघडवली. मावशींना आता इन्चार्ज ठेवता येणार नाही. घड्यांवर बसू दे त्यांना."

ती दारातच उभी होती. एक पाऊल आत आली. "मॅडम, दांडी सकाळीच बिघडली होती. मेकॅनिकला विचारा."

"मग हे काय लिहिलंयस?"

"ते वाक्य मला येत होतं."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि जे झालं ते?"

"ते येत नव्हतं."

बाहेर धुलाईची यंत्रं घरघरत होती.

"डिक्शनरी म्हणतात ना तुला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "त्या बाईची बोटं गेली असती. इथं बस. झालेलं सगळं लिही. मी सांगते, तू उतरव."

"नको. मग ते तुमचं वाक्य होईल. मी लिहिते."

तिला पाऊण तास लागला. काळाचा मेळ नाही, क्रियापदं कुठंच्या कुठं. आय प्रेस बार मॉर्निंग. रोलर नॉट स्टॉप. वन हँड गो. अगेन प्रेस, स्टॉप. मेकॅनिक से टुमारो. आय नॉट राइट. आय नॉट टेल मावशी. मावशी नो फॉल्ट. अकरा ओळी झाल्या. खाडाखोडही झाली. शेवटी तिनं सही केली.

मॅडमनी वाचलं, मग पुन्हा वाचलं. "वर हे असंच जाईल," म्हणाल्या. "मावशी आपल्या जागी राहतील. तुझ्या जागेचं मात्र आता माझ्याकडून होणार नाही. दुसरी कुणीतरी बघते. सोमवारपासून तू दुपारपाळीला ये."

"हो मॅडम."

ती बाहेर आली, नळावर तोंड धुतलं आणि कामाला लागली. मेकॅनिक रोलर उघडून बसला होता. दांडीमागची स्प्रिंग त्यानं बोटावर धरून तिला दाखवली. थकली होती, एवढंच; आता नवी बसवणार होता. तिनं स्प्रिंगचं स्पेलिंग विचारलं. त्यालाही नीट येत नव्हतं.

मावशी दोनला आल्या. दोन बोटांना पांढरी पट्टी. रजिस्टर सकाळपाळीच भरे, दुपारी नुसती हजेरी; त्यामुळे मावशींना ते वाचता येत नसे, हजेरीपुरतं लिहिता येई तेवढंच.

"माझ्यावर काय खरडलंयस ते वाच बघू," त्या म्हणाल्या.

तिनं अकराच्या अकरा ओळी मराठीत सांगितल्या. काही गाळलं नाही.

मावशी ऐकत राहिल्या. "तोंडानं सांगायला दोन मिनिटं लागली असती गं."

"बस चुकली असती."

"चुकली असती," मावशी म्हणाल्या. आणि एका हातानं पदर खोचायला लागल्या.

घड्याळात दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. तिनं नणंदेला फोन लावला. "पाळणाघरातून तिला आज तू आण. रडली तर सांग, आई येतेय, जरा उशीर होईल." मग ती मावशींबरोबर रोलरपाशी गेली. दोघींनी आळीपाळीनं लाल दांडी दाबली, मावशींनी चांगल्या हातानं. रोलर दर वेळी जागच्या जागी थांबला. तरी मावशी म्हणाल्या, "अजून एकदा." तिनं अजून एकदा दाबली.